संकष्टीला समुद्र वाट देतो

 

मागच्या वेळी आपण गटाचं दप्तर कसं ठेवायचं ते बोललो. आज थोडं वेगळं बोलू. गटाची सहल समुद्रावर न्यायची असेल तर कुठला दिवस धरायचा आणि तो कसा ठरवायचा, हे आज सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय ठरवायचं? गाडी मिळाली, सुट्टी मिळाली की निघायचं. आम्हीही तसंच म्हणालो होतो, आणि तीनशे किलोमीटर जाऊन किनाऱ्यावरूनच परत आलो होतो.

अलिबागला समुद्रात कुलाबा किल्ला आहे. मुंबईच्या कुलाब्याचा हा नव्हे, हा रायगड जिल्ह्यातला. किनाऱ्यापासून साधारण एक-दीड किलोमीटर आत, खडकावर उभा. भरती आली की चारी बाजूंनी पाणी आणि किल्ल्याचं बेट होतं. ओहोटी लागली की पाणी मागे सरतं, वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसं पायी चालत किल्ल्यात जातात. दिवसातून दोनदा बेट, दोनदा वाट. मुरुडचा जंजिरा तसा नाही, तिथे होडीनेच जावं लागतं. खांदेरी-उंदेरीलाही होडीच लागते. पण कुलाब्याला समुद्र स्वतः वाट करून देतो. फक्त ती कधी देतो हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आपला अहिल्यानगर जिल्हा समुद्रापासून लांब. आपल्याकडचं पाणीसुद्धा त्या समुद्राला जात नाही. प्रवरा, मुळा गोदावरीला मिळतात, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला, आणि ते सगळं पाणी पूर्वेला, पार बंगालच्या उपसागरात जातं. मग आपल्याला भरती-ओहोटी कुठून कळणार? आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या बायांना गड माहीत आहे तो मोहटादेवीचा, आणि यात्रा माहीत आहे ती मढीची. त्या गडाची वाट काही दुपारी बुडत नाही.

पहिल्या सहलीची गोष्ट अशी. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, ती कर्जासाठी आहे, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. म्हणून सहलीची वेगळी भिशी लावली, दरमहा पन्नास रुपये. वर्षभरात पैसे जमले. दिवस कुठला धरायचा? सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, पौर्णिमा चांगली. माघ महिना, थंडी कमी झालेली, शेतातली कामं जरा हलकी. रात्री निघालो. अहिल्यानगर, पुणे, खोपोली, पेण, वडखळ करत सकाळी उशिरा अलिबागला पोहोचलो. चहा-नाश्ता करून किनाऱ्यावर उतरेपर्यंत बारा वाजले.

समोर किल्ला होता आणि मध्ये नुसतं पाणी.

आमच्यात एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. चाळीस वर्षं संकष्टी धरतात. किल्ल्यात समुद्राच्या मधोमध गणपतीचं देऊळ आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि भिशीचा पहिला हप्ता त्यांनीच आणून दिला होता. कोंबडीची अंडी विकून जमवलेले पैसे होते ते. आजींनी पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "वाट कुठंय?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

दुपार तशीच गेली. तीन वाजता पाणी थोडं मागे गेल्यासारखं वाटलं. काही तरुण पोरं पाण्यात उतरून किल्ल्याकडे निघाली होती. ती बघून आमच्यातल्या दोघींनी साड्या खोचल्या आणि त्याही उतरल्या. गुडघ्याएवढं पाणी झालं, मग मांडीएवढं. तेवढ्यात किनाऱ्यावर सुकी मासळी विकायला बसलेली एक कोळीण पाटी सोडून उठली आणि तिने असा आवाज दिला की दोघी जागच्या जागी थांबल्या.

त्या परत आल्यावर ती म्हणाली, "आज तिथी कोणती?"

आम्ही म्हणालो, "पौर्णिमा."

"मग पुनवेला दुपारी बाराला भरती पूर्ण असते, एवढं कळत नाही? आता पाणी उतरायला लागलंय, पण वाट पाचच्या आसपास मोकळी होईल. घरून निघताना कॅलेंडर नाही बघितलं?"

आम्हाला लाज वाटली. कॅलेंडर आम्ही रोजच बघतो. एकादशी, चतुर्थी, अमावास्या बघितल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. पण त्यात समुद्राचं वेळापत्रक लपलेलं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवाल्याची वेळ चारची. पाच वाजता वाट मोकळी होऊन, किल्ला बघून अंधारात परत येणं आम्हाला झेपणारं नव्हतं. आजींनी किनाऱ्यावरूनच हात जोडले आणि आम्ही निघालो. निघायच्या आधी मात्र त्या कोळणीकडून हिशोब शिकून घेतला. तो आज तुम्हाला सांगतो.

हिशोब एका ओळीचा आहे. तिथीची पाऊणपट करायची. जेवढे तास येतील, त्या वाजता पूर्ण भरती. दुपारी तेवढ्याच वाजता आणि रात्रीही साधारण तेवढ्याच वाजता. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

करून बघू. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, पहाटे आणि दुपारी. ओहोटी नऊ वाजता, सकाळी आणि रात्री. अष्टमी म्हणजे आठ. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. एकादशी म्हणजे अकरा. सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचं. दोन्ही पंधरवड्यांना हिशोब तोच.

यात एक बारीक गोष्ट आहे. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. ते तोंडी हिशोबाला सोपं म्हणून. खरं अंतर त्याहून थोडं जास्त आहे, दोन घटकांच्या जवळ. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन घटका अठ्ठेचाळीस मिनिटं. सुरुवातीच्या तिथींना हा फरक जाणवत नाही, पण तिथी वाढत जाते तसा तो साठत जातो. पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, अठ्ठेचाळीस मिनिटांनी केलं तर बरोबर बारा. आम्ही बाराला किनाऱ्यावर होतो, आणि पाणी अगदी काठोकाठ होतं.

आता हे असं का होतं ते बघू. कारण कळलं की हिशोब विसरत नाही.

चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. जमीन, दगड घट्ट, ते फारसे हलत नाहीत. समुद्राचं पाणी मोकळं, ते हलतं. चंद्र ज्या बाजूला आहे त्या बाजूचं पाणी त्याच्याकडे फुगतं. पण गंमत अशी की पलीकडच्या, पाठीमागच्या बाजूलाही पाणी फुगतं. कारण चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, मधल्या पृथ्वीला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. पृथ्वी ओढली जाते आणि ते पाणी मागे राहतं. कणकेचा गोळा दोन्ही हातांत धरून ओढला की दोन्ही टोकांना लांबट होतो, तसं समजा. पृथ्वी दिवसभरात स्वतःभोवती फिरते, म्हणून आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो. त्या दोन भरत्या. मधल्या दोन वेळा ओहोटी.

मग रोज वेळ का बदलते? कारण पृथ्वी एक फेरी मारते तेवढ्यात चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे पन्नास मिनिटं लागतात. चंद्र रोज उशिरा उगवतो, हे संकष्टी धरणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. उपास सोडायला ताट वाढून आपण त्याचीच वाट बघत बसतो. जेवढा चंद्र उशिरा, तेवढीच भरती उशिरा.

आणखी एक गोष्ट त्या कोळणीने सांगितली, ती वेळेएवढीच महत्त्वाची. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीला मिळते. विहिरीचा दोर दोघींनी एका दिशेने ओढावा, तसं. तेव्हा भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात असतात, दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशेला. तेव्हा भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. त्याला भांग म्हणतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे घराच्या माळवदाहून उंच. भांगाला तो फरक निम्म्याहूनही कमी असतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की मुंबईत महापालिका इशारा देते, ती याच उधाणाची.

म्हणून दिवस निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण पाणी पुरतं हटत नाही. वाटेत गुडघ्यापर्यंत किंवा त्याहून जास्त पाणी राहू शकतं. पौर्णिमेला-अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, उजेड कमी. मधल्या तिथी सोयीच्या. द्वितीयेपासून पंचमीपर्यंत ओहोटी सकाळी साडेसातपासून दहापर्यंत येते आणि पाणीही बऱ्यापैकी हटतं.

हे सगळं वहीत मांडून बघत होतो तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "अगं, म्हणजे चतुर्थी! गणपतीच्या देवळाला जायचं आणि ओहोटी नऊला." सगळ्या एकदम हसल्या. दर महिन्याच्या दोन्ही चतुर्थ्यांना ओहोटी सकाळी नऊच्या आसपासच. विनायकी धरा नाहीतर संकष्टी धरा. फक्त संकष्टीला एक लक्षात ठेवायचं. ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी असते. त्या दिवशी सकाळी कधीकधी तृतीयाच चालू असते, मग ओहोटी तास-पाऊण तास आधी येते. म्हणून कॅलेंडरवर नुसतं संकष्टी बघून थांबायचं नाही, सकाळी कुठली तिथी आहे तेही बघायचं.

आणि हा हिशोब अंदाजाचा आहे, हे विसरू नका. अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो. तो मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागू आहे. किनाऱ्याची ठेवण बदलली की वेळ बदलते, म्हणून गुजरातला किंवा दुसरीकडे तो तसाच लावू नये. दिवस ठरवायला तिथी. पाण्यात पाय घालायच्या आधी मात्र त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या छापील वेळा बघायच्या. वर्तमानपत्रात येतात, मोबाइलवरही मिळतात. शिवाय किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना, घोडागाडीवाल्यांना, कोळणींना विचारायचं. एका माणसाला विचारून थांबू नका, दोघा-तिघांना विचारा.

पुढच्या वर्षी पुन्हा भिशी लावली. या वेळी बैठकीत वाद झाला तो आजींवरून. त्यांचे गुडघे दुखत होते. काहीजणी म्हणाल्या, वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची? दुसऱ्या म्हणाल्या, त्यांना वगळून आपण कुठल्या तोंडाने देवळात जाणार? मग कळलं की ओहोटीला किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते. आजींचं घोडागाडीचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं ठरलं आणि तसा ठराव वहीत लिहिला. निघायच्या दिवशीही बदल केला. रात्रभर प्रवास करून थेट किनाऱ्यावर जायचं नाही, आदल्या संध्याकाळी पोहोचून अलिबागला मुक्काम करायचा.

संकष्टीच्या सकाळी सात वाजता किनाऱ्यावर गेलो. पाणी उतरत होतं. पावणेआठला घोडागाड्या निघाल्या, त्यांच्यामागे आम्ही. ओली वाळू, मध्ये खडक, खडकांना चिकटलेली कालवं. कालवांची कड ब्लेडसारखी, म्हणून अनवाणी चालायचं नाही. काही बाया खाली वाकून कोयतीने कालवं फोडून आतलं मांस डब्यात जमा करत होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला काम मिळतं ते ओहोटीला, वाट उघडी असते तेवढ्याच वेळात. आपल्याकडे खुरपणीचा रोज घड्याळावर, त्यांचा रोज चंद्रावर.

वीस-पंचवीस मिनिटांत किल्ल्याच्या दारात पोहोचलो. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिकीट काढावं लागतं. दरवाजावर मोर, हत्ती, वाघ कोरलेले आहेत. शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तो १६८० च्या मार्च महिन्यात. पुढच्याच महिन्यात महाराज गेले. बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. आरमाराचे दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांच्याकडे किल्ल्याची जबाबदारी होती. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं हे मोठं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना किल्ला घेता आला नाही. कान्होजी १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी अलिबाग गावात आहे.

तटाचे दगड बघण्यासारखे आहेत. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेले, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो. ज्यांनी हे बांधलं त्यांना समुद्र रोजचा ओळखीचा होता. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्या इंग्लंडात ओतलेल्या. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे, तोही दगडी वाटेने किल्ल्याला जोडलेला.

आत गोड्या पाण्याचं तळं आणि विहीर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे बघून आम्हा दुष्काळी भागातल्या बायांचा विश्वास बसेना. त्याचं कारण असं की पावसाचं पाणी खडकात मुरून साठतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. ते बेताने उपसलं तर टिकतं, वाटेल तेवढं उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरी अशानेच खाऱ्या होतात. बोअर कितीही खोल नेला तर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तळ्याजवळ सिद्धिविनायकाचं देऊळ. राघोजी आंग्रे यांनी ते १७५९ मध्ये बांधलं. गणपती पंचायतन आहे, म्हणजे गणपतीबरोबर आणखी चार देवता. आजी आत जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. आम्हीही त्यांना उठवलं नाही.

पण घड्याळ चालू होतं. आमच्यातल्या एकीला आम्ही वेळ सांभाळायचं काम दिलं होतं आणि ठरवलं होतं की ती म्हणेल तेव्हा निघायचं, तिच्याशी वाद घालायचा नाही. त्या दिवशी ओहोटी नऊच्या जरा आधी होती. पावणेदहाला तिने शिट्टी वाजवली. काहीजणी कुरकुरल्या. आरती व्हायची होती, तटावर फोटो काढायचे होते. एक तर म्हणाली, पाणी अजून किती लांब आहे बघ. ती वेळ सांभाळणारी आमच्यात वयाने सगळ्यात लहान, पण ती हटली नाही. तिने आजींना हात धरून घोडागाडीत बसवलं आणि म्हणाली, "मागच्या वेळी आपण वेळेच्या आधी पाण्यात उतरलो. आता वेळेनंतर उतरायचंय का?" मग सगळ्या निघाल्या.

येताना वाटेत घोट्याएवढं पाणी होतं, ते जाताना नव्हतं. किनाऱ्यावर येऊन सगळ्या मोजल्या. बावीस गेलो होतो, बावीस आलो. चहा घेऊन परत वळून बघितलं तर वाटेवर पाणी पसरलं होतं. किल्ल्यात मागे राहिलेली काही माणसं साड्या, विजारी वर धरून मांडीभर पाण्यातून येत होती. एका बाईच्या कडेवर मूल होतं. घोडागाडीवाला पुढे गेला आणि त्यांना घेऊन आला. ती माणसं काही वेडी नव्हती. त्यांनी फक्त पाण्याच्या अंतराकडे बघितलं होतं, वेळेकडे नाही. भरतीचं पाणी आपण बघतो त्याच बाजूने येतं असं नाही. मधला भाग सखल असला की पाणी बाजूने आधी तिथे भरतं, आणि किल्ल्यावरून वाट उघडी दिसत असतानाच ती मध्ये तुटलेली असते.

जगात अशा जागा ठिकठिकाणी आहेत. मुंबईत हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते. इंग्लंडच्या उत्तरेला लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथे जाणारा मोटारीचा रस्ताच भरतीला बुडतो, म्हणून वेळेचे फलक लावलेत आणि अडकलेल्यांसाठी वाटेत उंच खांबांवर आसऱ्याची खोली बांधली आहे. वेल्समध्ये समुद्रात घुसलेली वर्म्स हेड नावाची डोंगराची सोंड आहे. फार देखणी जागा. तिची वाट ओहोटीच्या अडीच तास आधीपासून अडीच तास नंतरपर्यंतच उघडी असते, आणि तिथेही माणसं अडकतातच. शिकलेली असोत की नसोत, जी वेळ विचारत नाहीत ती अडकतात.

आता जायचं ठरवणाऱ्या गटांसाठी थोडक्यात सांगतो.

जून ते सप्टेंबर जायचंच नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तिथीचा हिशोब तेव्हा पुरा पडत नाही. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतचा काळ चांगला. शक्यतो द्वितीया ते पंचमी धरा आणि आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी निघा आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत फिरा. ओहोटी म्हणजे जायची वेळ नव्हे, ती अर्धा वेळ संपल्याची खूण आहे. पायात पट्ट्याची रबरी चप्पल किंवा सँडल घाला. साडी नेसणार असाल तर नऊवारी किंवा खोचून नेसलेली बरी, ओला काठ पायात अडकतो. पिण्याचं पाणी आणि औषधं बरोबर ठेवा. शौचालयाची सोय किल्ल्यात मिळेल असं धरून चालू नका, किनाऱ्यावरच उरकून निघा. माणसं जाताना मोजा, येताना मोजा. आणि वेळ सांभाळायचं काम एकीला द्या. ती लहान असो की मोठी, तिचा शब्द त्या दिवशी अध्यक्षांच्याही वर.

परतीच्या प्रवासात आजी खिडकीजवळ बसल्या होत्या. रात्री चंद्र उगवला तेव्हा गाडी थांबवून त्यांनी रस्त्याकडेला नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. म्हणाल्या, "चाळीस वर्षं ह्याची वाट बघते. हा तिकडे पाणी पण हलवतो, हे आज कळलं."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा आणि सगळ्यांनी मिळून एक गणित सोडवा. दशमीला भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता? त्या दिवशी बायामाणसांना घेऊन किल्ल्यात जाल की नाही, आणि का? उत्तर एकीने सांगू नका, प्रत्येकीला सांगायला लावा. सहलीला जा किंवा जाऊ नका, पण हिशोब सगळ्यांना आला पाहिजे. कारण पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर गटात एकीलाच येऊन भागत नाही.

पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत रामराम.